मला सगळं सांगायचं होतं

शुक्रवार होता, संध्याकाळचे सव्वापाच. नाशिकला सिडकोतल्या घरी मी कुकर लावला होता आणि फोन वाजला. अनोळखी नंबर, आवाज मात्र गोड. "मॅडम, पोलीस ठाण्यातून बोलतोय. जरा येऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे." कसलं काम, ते सांगेना. माझ्या जुन्या मालकांचं नाव घेतलं आणि म्हणाला, "आलात की साहेब सांगतीलच."

सप्टेंबर २०२४ ची गोष्ट. द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका पेढीत मी बावीस वर्षं हिशेब लिहिले. ऑफिस शहरात, पॅकहाऊस दिंडोरी तालुक्यात. जुलैत मला घरी बसवलं होतं, कारण न देता. आता कारण कळणार होतं.

आमचे हे एचएएलमधून निवृत्त झालेले, सरळ माणूस. म्हणाले, "जाऊन ये, मीही येतो. कर नाही त्याला डर कशाला?" मी साडी बदलायलाही लागले. तेवढ्यात मुलाने त्याच्या मित्राच्या ओळखीतल्या एका वकिलांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. वकीलसाहेबांनी हालहवाल विचारली नाही. एवढंच म्हणाले, "त्यांना परत फोन करा आणि विचारा, मला साक्षीदार म्हणून बोलावताय की आरोपी म्हणून? साक्षीदार असाल तर बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांनी घरी यायचं. आरोपी असाल तर लेखी नोटीस द्यायची. आणि आज काही झालं तरी जायचं नाही. शुक्रवारची संध्याकाळ आहे."

शुक्रवारचं काय एवढं, ते मला नंतर कळलं. शनिवार-रविवारी सुट्टी आली की नेहमीचं कोर्ट नसतं, सुट्टीच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात आणि वकिलाची धावाधाव होते. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते, हेही तेव्हा कळलं. मी फोन करून प्रश्न विचारला. पलीकडे दोन क्षण शांतता. मग, "साहेबांना विचारून सांगतो." त्या रात्री काही फोन आला नाही. कुकरचा भात मात्र करपला होता.

शनिवारी सकाळी अशोक स्तंभाजवळच्या त्यांच्या ऑफिसात गेलो. एका जिन्यावर तीन वकिलांच्या पाट्या, आत दोन टेबलं, एक ज्युनियर मुलगी, सिन्नरची. तिने आम्ही पोचायच्या आत पोलिसांच्या संकेतस्थळावरून एफआयआर उतरवून घेतली होती. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. मला वाटत होतं, ती मिळवायला कुणाचे पाय धरावे लागतात.

एफआयआरमध्ये मी 'आरोपी क्रमांक एक' होते. दुसरा नव्हताच. आरोप असा की जानेवारी ते एप्रिल २०२४ च्या हंगामात मजुरांच्या रोख पगाराची खोटी व्हाउचर करून मी ११ लाख ४० हजार रुपयांचा अपहार केला. कलमं ४०८, म्हणजे नोकराने केलेला विश्वासघात, आणि ४२०, म्हणजे फसवणूक. मी पेपरात वाचलं होतं की जुलैपासून भारतीय दंड संहिता गेली, न्याय संहिता आली. मग ही जुनी कलमं कशी? वकीलसाहेब म्हणाले, "गुन्हा घडला म्हणतात तो एक जुलैच्या आधी, म्हणून कलमं जुनी. एफआयआर नंतरची, म्हणून तपास नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे. तुमच्या केसमध्ये सासू जुनी, सून नवी." एवढा एकच विनोद त्यांनी दीड वर्षात केलाय.

मी सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवसापासून. मालकांचे वडील असताना पेढी कशी होती इथपासून. त्यांनी हात वर केला. "तोंडी नाही. घरी बसून तारीखवार लिहा. वर मोठ्या अक्षरात लिहा, 'वकिलांसाठी'. तुम्ही मला सांगितलेलं कोर्टात कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. यजमानांना सांगितलेलंही नाही. पण शेजारणीला सांगाल, भिशीच्या ग्रुपवर लिहाल, तर उद्या ती साक्षीदार होईल." मी खाली बघितलं. ग्रुपवर मी आधीच चार ओळी टाकून बसले होते. "डिलीट करू का?" म्हटलं. ते पहिल्यांदा चिडले. "काही म्हणजे काही डिलीट करायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. आत्ता पुसलेलं उद्या पुरावा नष्ट केला म्हणून तुमच्याच अंगावर येईल."

मी पैसे घेतले की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि आजतागायत नाही. मला ते लागलं. यांना रिक्षात म्हटलंसुद्धा, "ह्याला माझ्यावर विश्वास नाही." हे म्हणाले, "डॉक्टर कुठे विचारतो, ताप तू आणलास का म्हणून?"

सोमवारी नोटीस आली. नव्या संहितेच्या कलम ३५(३) ची. द्यायला आलेला हवालदार मात्र तिला "एकेचाळीस अ ची नोटीस" म्हणत होता, जुन्या कायद्यातला आकडा. अजून सगळे तेच म्हणतात. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी ऊठसूट अटक करायची नाही, अटक का गरजेची आहे ते आधी कागदावर लिहायचं, नाहीतर अशी नोटीस देऊन हजर राहायला सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर यावर न्यायालयं बरीच कडक झाली. माझी दोन्ही कलमं सात वर्षांचीच. नोटिशीप्रमाणे हजर राहिलं, तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. न राहिलं तर आपणच त्यांना कारण देतो. म्हणजे आता जायचं होतं.

आदल्या संध्याकाळी तासभर तालीम झाली. अक्षरशः तालीम. ज्युनियर पोलीस झाली, मी मी. नाव, पत्ता, नोकरी किती वर्षं, पद काय, एवढं सांगायचं. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: "कागद बघून लेखी उत्तर देते." स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणालाही भाग पाडता येत नाही, हे राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदात आहे, आणि ते संरक्षण कोर्टाच्या पिंजऱ्यापुरतं नाही, ठाण्यातल्या खुर्चीवरही आहे, असं सर्वोच्च न्यायालयाचं नंदिनी सत्पथी खटल्यात १९७८ लाच सांगून झालंय. तोडून बोलायचं नाही, वाद घालायचा नाही. चौकशी चालू असताना वकिलांना भेटायचा हक्क आहे, पण वकील सगळा वेळ शेजारी बसू शकत नाहीत. म्हणून ज्युनियर बाहेरच्या बाकावर बसेल, काचेतून दिसेल एवढ्या अंतरावर. मी मान डोलावली. बावीस वर्षं ऑडिटरांना तोंड दिलेली बाई मी, एक वाक्य पाठ करायला काय लागतंय?

आता जे झालं ते सांगते. या सगळ्यात माझी स्वतःची म्हणावी अशी चूक एवढीच.

ते ओरडतील अशी मनाची तयारी करून मी गेले होते. ते ओरडलेच नाहीत. तपासी अंमलदार माझ्या भाच्याच्या वयाचे. उठून खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, मी निफाडचा. घरी बाग आहे. व्यापारी कसे असतात मला सांगू नका." मग फाइल बंद करून, अगदी हळू आवाजात, "तुमच्यासारखी बाई असं करणार नाही हे मला बघताक्षणी कळतं. मालकानेच काहीतरी केलंय. तुम्ही सांगितलंच नाही तर मी तुम्हाला मदत कशी करू?"

दोन महिन्यांत माझ्याशी इतक्या मायेनं कुणी बोललं नव्हतं. सोसायटीतल्या बायका जिन्यात भेटल्या की फोन काढून बघत. वकीलसाहेब तर कागदच बघायचे. इथे एक माणूस समोर बसून म्हणत होता, सांगा.

त्यांनी एक व्हाउचर पुढे केलं. "ही सही तुमचीच ना?"

आणि मी म्हणाले, "हो, माझीच. पण त्या दिवशी पैसे माझ्या हातून गेलेच नाहीत. कंटेनर निघायचा होता, मालकांनी फोनवर सांगितलं सही कर, आणि रोकड ड्रायव्हरने परस्पर मुकादमाला दिली."

तीन वाक्यं. काचेपलीकडे ज्युनियर उभी राहिलेली दिसली. तिला ऐकू येत नव्हतं, पण मी एका वाक्याहून जास्त वेळ ओठ हलवतेय हे तिला दिसत होतं.

पुढे त्यांनी ते टाइप करून आणलं आणि सही मागितली. तेव्हा कुठे भानावर आले. "पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही नसते, असं मला सांगितलंय," म्हटलं. साहेब हसले. "वकील चांगला आहे तुमचा." ते हसणं मला महिनाभर झोपू देत नव्हतं.

संध्याकाळी वकीलसाहेबांसमोर मी स्वतःच विषय काढला, जरा शहाणपणानं. म्हटलं, पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही ना? मग काय बिघडलं? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चालत नाही. पण तुम्ही त्यांना वाट दाखवलीत. त्या वाटेनं जायला त्यांना कायद्याची आडकाठी नाही. ड्रायव्हर तुमचा साक्षीदार होता. उलटतपासणीपर्यंत तो कुणाच्या ध्यानातही यायला नको होता."

तीन आठवड्यांत ड्रायव्हरचा जबाब झाला. त्याने कधीही रोकड नेली नाही, असं त्यात आहे. तो अजून त्याच मालकांची गाडी चालवतो. दोन मुलं शाळेत आहेत त्याची, मला त्याचा राग येत नाही. पुढे मुकादमाचाही जबाब झाला. सुरगाण्याकडचा माणूस, दर हंगामाला चाळीस-पन्नास मजूर घेऊन यायचा, मला 'आक्का' म्हणायचा. "पैसे आक्काच देत होत्या, कमी देत होत्या," असं लिहिलंय. तो असं बोलला असेल का, मला खात्री नाही. पण लिहिलंय.

जामिनाचं मी भरभर सांगते. दुसऱ्या हजेरीला साहेबांचा सूर बदलला होता. "रक्कम हस्तगत करायचीय, कस्टडी लागेल." त्याच दुपारी वकीलसाहेबांनी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकला. आधी का नाही टाकला, असं यांनी विचारलं. तर नोटीस देऊन पोलीस चौकशी करताहेत आणि अटकेचं कुणी बोलतच नाही, तेव्हा भीती कशाची हे कोर्टाला सांगता येत नाही. अर्ज एकदा फेटाळला गेला की तो कागद पुढे प्रत्येक ठिकाणी आडवा येतो. अंतरिम संरक्षण मिळालं, तपासी अंमलदारांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, आला, सरकारी वकील बोलल्या, आमचे वकील सात मिनिटं बोलले. सगळा पुरावा कागदांचा आहे, कागद फिर्यादीच्याच ताब्यात आहेत, बाई प्रत्येक तारखेला हजर आहे. अर्ज मंजूर, पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि एक जामीनदार. माझ्या दादाने निफाडच्या जमिनीचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला आणला. दाखल्यासाठी तो तहसीलला तीन खेपा घालून आला आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. मग ठाण्यात कागदोपत्री अटक, बोटांचे ठसे, फोटो, त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये तपासणी, आणि सुटका. अटकेची कारणं लेखी हातात, दादाची अटक-पंचनाम्यावर सही. सगळं मिळून पाच तास. ठशांची शाई दोन दिवस गेली नाही, कणीक मळताना तेवढी दिसायची.

सहीचे नमुने द्यायला मॅजिस्ट्रेटचा आदेश झाला, तेव्हा मी वकीलसाहेबांना विचारलं, स्वतःविरुद्ध पुरावा द्यायचा नाही ना? ते म्हणाले, "गप्प राहायचा हक्क जिभेला आहे, हाताला नाही." सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी १९६१ मध्ये काठी कालू ओघड खटल्यात तसंच ठरवलंय म्हणे: ठसे आणि हस्ताक्षर देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. मी सांगतील तितक्या सह्या केल्या. सहीत काही बदल करायचा नाही, ही ताकीद वकिलांचीच होती.

फोनही गेला. जप्तीचं व्हिडिओ चित्रण नव्या कायद्यात सक्तीचं आहे, ते त्यांनी केलं. आमच्या बाजूने ज्युनियरने एवढंच पाहिलं की पंचनाम्यात आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर आला, सील झालं आणि माझ्या हातात प्रत पडली. त्या फोनमध्ये मालकांचे मला आलेले निरोप आहेत, "मुकादमाला दोन दे", "व्हाउचर बनव, मी बघतो", असे. मला ते पहिल्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर ठेवायचे होते. यावर आमचं आणि वकिलांचं सगळ्यात मोठं भांडण झालं. त्यांनी आमची कागदपत्रं दोन ढिगांत लावली होती. माझ्या बँक खात्याचे उतारे, यांचं पेन्शन, घराच्या कर्जाचे हप्ते, हे सगळं लेखी अर्जासोबत पोलिसांना देऊन टाकलं, पोचेचा शिक्का घेऊन. अकरा लाख कुठे दिसत नाहीत, हे तपासाच्या कागदातच यावं म्हणून. दुसऱ्या, निरोपांच्या ढिगाला हात लावू दिला नाही. त्यांचं म्हणणं, जो कागद कुणी बदलू शकत नाही तो आत्ता द्या. ज्या कागदाचा अर्थ माणसाच्या तोंडी आहे तो ठेवा, कारण त्या माणसाला तयारीला वेळ मिळतो. ड्रायव्हरचं झालं ते आठवा, असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

मला आजही पूर्ण पटलेलं नाही. ते निरोप तेव्हाच दिले असते तर दोषारोपपत्र आलंच नसतं, असं रात्री वाटतं. सकाळी वाटत नाही.

तारखांची मात्र सवय झाली. सीबीएस बसस्थानकाला उतरायचं, मेहेर सिग्नलच्या बाजूने आत, फाटकाजवळ अर्धा चहा. कुंभाच्या कामांनी रस्ते खणायला लागले तेव्हापासून रिक्षावाले कोर्टाचं भाडं म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात. मोबाइलवर ई-कोर्टचं ॲप, त्यात आपल्या खटल्याचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. आता तो मला पाठ आहे, पॅन नंबर नाही.

बाकावर बसून मी जेवढा कायदा शिकले तेवढा पुस्तकात नसेल. एकदा शेजारी पंचवटीची एक बाई होती, मुलगा मोटारसायकल चोरीत आत. साठ दिवस झाले होते, दोषारोपपत्र आलेलं नव्हतं. तिची वकील, विधी सेवा प्राधिकरणाने दिलेली, काळ्या कोटातली बारीकशी मुलगी, सकाळी दार उघडल्याबरोबर अर्ज घेऊन उभी. दुपारी दोनला पोलीस दोषारोपपत्र घेऊन धावत आले. ती शांतपणे म्हणाली, "माझा अर्ज अकराला आवक झालाय." मुदतीत दोषारोपपत्र नाही तर जामीन हा हक्क, आणि तो मागून झाल्यावर मागाहून आलेल्या दोषारोपपत्राने जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ लाच ठरवून टाकलंय. त्या बाईला यातलं काही कळलं नाही, तिने फक्त "सुटला का?" विचारलं. सुटला होता. तीन तासांच्या फरकाने.

तिनेच मला सांगितलं की तिची वकील फुकट आहे. मी म्हटलं, तुमचं उत्पन्न कमी असेल. तर म्हणे नाही हो, बाईला सगळ्यांनाच मिळतो, आत असलेल्या माणसालाही. खरंच आहे: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. त्याच आवारात ऑफिस आहे, १५१०० हा फोन नंबरही आहे. मी तोवर माझ्या पाटल्या मोडून वकिलांचे तीन हप्ते भरले होते. वकीलसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "विचारलं असतंत तर सांगितलं असतं." खरं-खोटं देव जाणे. पण मी त्यांना सोडलं नाही.

दोषारोपपत्र आलं, ३१२ पानं. प्रत फुकट मिळते, आरोपीचा हक्कच आहे. वकिलांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "कायदा मी वाचतो. हिशेब तुम्ही वाचा." त्या दिवशी पहिल्यांदा मला माणसात आल्यासारखं वाटलं. जेवणाच्या टेबलावर पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन मी आठ रात्री बसले. पावतीपुस्तकांचे क्रमांक, तारखा, हजेरीपटातली माणसं, सगळं ताळ्याला लावलं. आठव्या रात्री लक्षात आलं. ज्या व्हाउचरांवर सगळा आरोप उभा आहे ती २१२ ते २६० क्रमांकांची, आणि जप्तीच्या पंचनाम्यातलं पुस्तक सुरू होतं ३५१ पासून. आधीचं पुस्तक जप्तच नाही. फाइलमध्ये आहेत ते सगळे झेरॉक्स. मागच्या पानावर हस्ताक्षर तज्ज्ञांचा अहवालही तेच सांगत होता: मूळ कागद नसल्याने निश्चित मत देता येत नाही.

मी रात्री बाराला वकीलसाहेबांना फोन केला. त्यांनी उचलला, ऐकलं आणि म्हणाले, "छान." मग लगेच, "हे कुणाला बोलायचं नाही. मूळ पुस्तक मागणारा अर्ज आपण करायचा नाही. ते कुठे आहे ते त्यांना सांगू दे."

पुन्हा तेच, गप्प बसा. आणि या वेळी गप्प बसणं मला जास्त जड गेलं. कारण सही माझीच आहे. मी स्वतः ठाण्यात सांगितलंय, पण तो जबाब पुरावा म्हणून चालत नाही. झेरॉक्सवरून सही सिद्ध होत नाही. म्हणजे एक खरी गोष्ट, जी मला आणि त्यांना दोघांनाही माहीत आहे, ती कोर्टापुढे कदाचित कधीच येणार नाही. पैसे घेतले नाहीत हे जितकं खरं, तितकंच सही केली हेही खरं. मी वकिलांना म्हटलं, हे लबाडीचं वाटतं. ते म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात का? नाही ना. सिद्ध करायचं काम त्यांचं आहे. तुम्ही त्यांचं काम करायला निघालाय, आणि पगार कुणी देत नाही." यावर मी हसले. पण देवापुढे दिवा लावताना ते मनात येतंच.

खटला सुरू होण्याआधीच सोडा, अशा दोषमुक्तीच्या अर्जावर अर्धं यश आलं. वकीलसाहेबांनी ऑगस्ट २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला, दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणातला. फसवणुकीत पहिल्या क्षणापासून मनात कपट लागतं. विश्वासघातात आधी विश्वासाने दिलेलं असतं आणि मग नियत फिरते. एकाच व्यवहारात दोन्ही एकत्र नांदत नाहीत. बावीस वर्षं विश्वासाने तिजोरीची किल्ली दिली असं फिर्यादीच म्हणतो, मग सुरुवातीपासून फसवणूक कशी? ४२० गेलं. ४०८ राहिलं. घरी यांनी पेढे आणले, मी परत पाठवले.

दोषारोप निश्चितीच्या दिवशी मी पिंजऱ्यात उभी होते. न्यायाधीशांनी मराठीत वाचून दाखवलं, समजलं का विचारलं, गुन्हा कबूल आहे का विचारलं. मी म्हणाले, "कबूल नाही." सप्टेंबर २०२४ पासून आजपर्यंत कोर्टात माझ्या तोंडून निघालेले तेवढेच दोन शब्द. ३१२ पानं माझ्याबद्दल, आणि त्यात माझे दोन शब्द.

मागच्या महिन्यात मालकांची साक्ष झाली. बावीस वर्षांत त्यांना मी कधी घाम पुसताना पाहिलं नव्हतं. वकीलसाहेब उलटतपासणीला उठले. त्यांनी हजेरीपट कोण ठेवतो विचारलं, रोकड बँकेतून कोण काढायचं विचारलं. "तुमच्या सहीशिवाय रोकड निघत नव्हती, बरोबर?" "बरोबर." २१२ ते २६० चं मूळ पुस्तक आज कोर्टात आहे का? "नाही." कुठे आहे? "ऑफिसात असेल." पोलिसांनी मागितलं होतं का? बराच वेळ गेला. "आठवत नाही."

आणि ते बसले. मी पिंजऱ्याच्या कठड्यावरून वाकून ज्युनियरला खुणावलं: ड्रायव्हर! फोन! निरोप! तिने मान हलवली. बाहेर आल्यावर मी जवळजवळ ओरडलेच. वकीलसाहेब टपरीवर उभे राहून शांतपणे चहा ओतत होते. "'आठवत नाही' म्हणाला ना? त्याच्यापुढे अजून एक प्रश्न विचारला असता तर त्याला आठवलं असतं. निरोपांसाठी मी त्याची पुढची उलटतपासणी राखून ठेवलीय, फोनचा अहवाल कोर्टात आल्यावर."

आता मुकादम आणि ड्रायव्हर राहिलेत. सरकार पक्षाचे साक्षीदार संपले की न्यायाधीश मला प्रश्न विचारतील, जुन्या कायद्यात ३१३ म्हणायचे, आता ३५१. शपथ नसते, उत्तर दिलंच पाहिजे असं नसतं, पण तेव्हा लेखी निवेदनही देता येतं. ते मी आत्तापासूनच लिहायला घेतलं. मालकांच्या वडिलांपासून सुरुवात केली. एकतीस पानं झाली.

वकीलसाहेबांनी माझीच लाल पेन्सिल मागून घेतली आणि दीड पान ठेवलं. बाकीची साडेएकोणतीस पानं मी कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलीत. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'वकिलांसाठी'. पुढची तारीख अठराला आहे.